मोची डोनटचे तीन घाणे

आई इकडे यायच्या महिनाभर आधीच लेकीने वहीत यादी करून ठेवली होती, आजीला टोकियोत काय काय खायला घालायचं त्याची, आणि त्यात एक नंबरला होतं पोन दे रिंगु. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जपानमधे मिस्टर डोनटची दुकानं जिकडेतिकडे आहेत, इथे सगळे त्याला मिसुदो म्हणतात, कंपनी मूळची अमेरिकेतली पण जपानमधलं पहिलं दुकान १९७१ ला ओसाकाजवळच्या मिनोमधे निघालं आणि आता इथल्या पोरांना ते बाहेरून आलंय हे सांगूनही खरं वाटत नाही. त्यांचा पोन दे रिंग २००३ साली आला. आठ छोटे गोळे एकमेकांना चिकटून कडं झालेलं असतं, बाळाच्या हातात आपण मनगटी घालतो ना तसं दिसतं, आणि माझी लेक तो कधीच घास तोडून खात नाही, एकेक मणी सुटा करून खाते. दात लावला की आधी किंचित अडतो, मग ताणला जातो, मग सुटतो. तेवढ्यासाठीच तो खायचा.

तर आई आली, दुसऱ्याच आठवड्यात लेक तिला हाताला धरून दुकानात घेऊन गेली आणि तिथे रांगेत उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आई अंडं खात नाही. म्हणजे माहीत होतंच हो, पण डोनट आणि अंडं हे डोक्यात एकत्र आलंच नव्हतं. तिला अंडं केलेल्या तव्यावरची पोळीसुद्धा चालत नाही, आणि डोनटच्या दुकानात अंडं आलंच, एकात नसलं तर त्याच तेलात तळलेल्या शेजारच्यात असणार. आईने कॉफी घेतली आणि म्हणाली मी बघते तुम्ही खा. लेकीने खाल्ला, पण शेवटचे दोन मणी टिश्यूत गुंडाळून घरी आणले, आजीला नीट बघता यावेत म्हणून. ते टिश्यूतले दोन मणी बघून मला इतकं कसंतरी झालं की मी तिथल्या तिथे ठरवलं, घरी करायचे, बिनअंड्याचे, आणि आई आहे तोवर जमेपर्यंत करत राहायचं.

आता करायला घेतल्यावर पहिली अडचण वेगळीच आली. आईला सांगायचं कसं की आपल्याला नक्की काय जमवायचंय? तिने तो पदार्थ खाल्लेला नाही. आणि मराठीत या पोताला कौतुकाचा शब्द मला सापडेना. खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत, जाळीदार, मऊसूत हे सगळं कौतुक आहे आपल्याकडे, पण दाताला ताण देणारं काही असलं की ते चिवट, वातड, चामट. पापड वातड झाले म्हणजे सादळले. भाकरी वातड झाली म्हणजे गार झाली, आता कुस्करून दुधात घाला. म्हणजे शब्द आहेत, पण सगळे तक्रारीचे. जपानीत याला मोचीमोची म्हणतात. मोची म्हणजे चिकट तांदूळ वाफवून कुटून केलेला गोळा, आणि मोचीमोची म्हणजे त्या गोळ्यासारखं लवचिक, मऊ, दाताला धरून ठेवणारं. ब्रेडच्या पाकिटावर लिहिलेलं असतं मोचीमोची, नूडल्सवर असतं, चेहऱ्याला लावायच्या क्रीमवर पण असतं कारण छान त्वचेलाही तोच शब्द. लेकीने आजीला समजावायचा प्रयत्न केला, आजी म्हणजे बघ असं मऊ पण मऊ नाही, आणि आई म्हणाली बरं, करून तर बघू.

पहिला घाणा मी माझ्याच डोक्याने केला. इंटरनेटवरच्या जपानी रेसिप्या बघितल्या तर घरगुती मोची डोनटमधे अंडं नसणाऱ्या भरपूर निघाल्या, त्यात अंड्याच्या आणि दुधाच्या जागी रेशमी तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर घालतात, किनुगोशी म्हणतात त्याला, एकदम मऊ, हलवलं तर थरथरणारा. हे वाचून मला इतका आनंद झाला की पुढचं नीट वाचलंच नाही. लिहिलं होतं तांदळाचं पीठ. तांदळाचं पीठ घरात होतंच, गणपतीतलं मोदकांचं उरलेलं. इथे आम्ही बऱ्याच जणी मोदकांना जोशिन्को वापरतो, सुपरमार्केटमधे छोट्या पिशवीत मिळतं, दळण बारीक असतं आणि उकड छान होते. तर १०० ग्रॅम जोशिन्को, १०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅमचा तोफूचा एक छोटा पॅक, साखर, बेकिंग पावडर, मळलं, गोळे केले, तळले. कढईतून काढले तेव्हा फार सुंदर दिसत होते, खरंच, बाहेरून सोनेरी, गोळे एकमेकांना धरून. पाच मिनिटांनी खाल्ले तर कुरकुरीत. पंधरा मिनिटांनी लेकीने दुसरा घेतला आणि तोंडातून परत ताटलीत ठेवला. काचिकाची, म्हणाली, म्हणजे दगडासारखं कडक. आईने अर्धा नेटाने संपवला आणि म्हणाली, "चव चांगलीये गं, पण वातड झालंय."

मग रात्री बसून मी ते नीट वाचून काढलं आणि तेव्हा कळलं की मी मुळातच चुकीचा तांदूळ घेतला होता. जोशिन्को हे साध्या तांदळाचं, आपण भात करतो त्या तांदळाचं पीठ. मोचीला लागतो मोचीगोमे, चिकट तांदूळ, ही जातच वेगळी. तांदळाच्या स्टार्चमधे दोन प्रकारचे रेणू असतात, अमायलोज म्हणजे सरळ लांब साखळी आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेलं झाड. साध्या तांदळात दोन्ही असतात, चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच. शिजवून गार झालं की सरळ साखळ्या पटापट एकमेकींना लगटून बसतात आणि पदार्थ कडक होतो, फांद्यावाल्यांना असं घट्ट बसायला वेळ लागतो म्हणून ते मऊ आणि ताणणारं राहतं. आपला शिळा भात मोकळा आणि कडक होतो, मोदकाची पारी गार झाली की तिला भेगा जातात, त्यामागे हेच. मोदक आपण गरम गरम तुपाबरोबर खातो म्हणून ते कधी जाणवत नाही इतकंच.

दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमधे पिठाच्या रॅकसमोर आम्ही तिघी उभ्या होतो. तीन पांढऱ्या पिशव्या शेजारी शेजारी, जोशिन्को, मोचिको, शिरतमाको नाही, शिरातामाको असा उच्चार कर म्हणून लेक मला दुरुस्त करत होती, आणि माझं कांजी म्हणजे जपानी चित्रलिपी अजून कच्ची आहे त्यामुळे तीच वाचून दाखवत होती. शेवटची दोन्ही चिकट तांदळाचीच. मोचिको म्हणजे तांदूळ धुऊन वाळवून दळलेला, बारीक पीठ. शिरातामाको मात्र पीठ वाटतच नाही, पांढऱ्या खड्यांसारखं असतं, जाड मिठासारखं. आईने पिशवी वरखाली करून विचारलं हे असं का, मी सांगितलं की तांदूळ भिजवतात, पाण्यात वाटतात, ते पांढरं पाणी ठेवून खाली बसलेला साका घेतात आणि पाणी काढून वाळवतात म्हणून त्याचे खडे होतात. "म्हणजे चीकच की," आई म्हणाली. आणि मला त्या दुकानात उभ्या उभ्या आमच्या चिपळूणच्या गच्चीवरच्या कुरडया दिसल्या. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा चीक शिजवायचा. आपण चीक शिजवून सोऱ्यात घालतो, यांनी तोच वाळवून पिशवीत भरला. आईने लगेच दोन पिशव्या घेतल्या, किंमत बघितली नाही, आणि आई किंमत बघत नाही असं फार क्वचित होतं.

दुसरा घाणा. या वेळी सगळं बरोबर होतं असं वाटलं होतं. १०० ग्रॅम शिरातामाको, १०० ग्रॅम मैदा, इथे हाकुरिकिको मिळतं ते, केकचं कमी ताकदीचं, ३५ ग्रॅम साखर, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, तोफूचा १५० ग्रॅमचा पॅक. सगळं एकत्र परातीत घेतलं आणि मळलं. इथे चूक झाली, आणि ही सगळ्यांनी लक्षात ठेवा कारण ही धोक्याची आहे. खडे मैद्यात तसेच राहिले. हाताला बारीक कचकच लागत होती पण मला वाटलं तळताना विरघळेल. पहिलं कडं तेलात गेलं, मिनिट दीड मिनिट छान चाललं होतं, उलटवलं आणि फटकन आवाज आला, एक मणी फुटला आणि तेल थेट ओट्यावरून भिंतीपर्यंत उडालं. लेक तेव्हा बाहेरच्या खोलीत होती हे नशीब. माझ्या मनगटावर दोन थेंब आले, मोठं काही झालं नाही, पण भीती बसली. मी गॅस बंद केला. आई माझा हात नळाखाली धरून शांतपणे म्हणाली, "हसला गं तो."

अनारसा तेलात फुटून पसरला की आपल्याकडे अनारसा हसला म्हणतात, माझी आजी म्हणायची, आई म्हणते. अनारसा हसला की पीठ सैल आहे किंवा तूप फार तापलंय हे बघायचं. मग आम्ही बसून मोची डोनट का हसला ते शोधलं. वरचं आवरण चिकट स्टार्चचं, ते तेलात गेल्या गेल्या शिजतं आणि रबरासारखं बंद होतं, वाफेला वाट ठेवत नाही. आतमधे खडा राहिलेला असेल, हवेची पोकळी असेल, किंवा गोळ्याला भेग असेल तर तिथे वाफ साठते आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथून एकदम बाहेर येते. शेव, चकली यांच्यात वाफ चारी बाजूंनी निघत राहते, इथे ती कोंडते. म्हणून निव्वळ चिकट तांदळाचा गोळा तळणं अवघड असतं, मैदा आणि बेकिंग पावडर त्यात नुसती चवीला नाहीत, त्यांनी आत बारीक भोकं पडतात आणि वाफ वाटली जाते.

तिसरा घाणा आईने केला असंच म्हणायला पाहिजे, मी फक्त वजनं करून दिली. तिने आधी नुसतं शिरातामाको आणि तोफू घेतलं. मैदा लांब ठेवला. आणि हाताच्या तळव्याच्या टाचेने ती ते चोळत बसली, चांगली दहा मिनिटं, लोणी फेसतात तसं, मधून मधून दोन बोटांत घेऊन बघायची खडा लागतोय का. तोफूतलं पाणी खडे हळूहळू पितात, घाई केली की वरून ओले आणि आतून कोरडे राहतात. एकजीव क्रीमसारखं झाल्यावर साखर आणि एक चमचा तेल, आणि मग मैदा बेकिंग पावडर मीठ एकत्र चाळून. मैदा घातल्यावर जास्त मळायचं नाही. मग तिने विचारलं किती सैल ठेवायचं.

जपानी रेसिप्यांमधे याचं एक ठरलेलं माप असतं, मिमिताबु, म्हणजे कानाच्या पाळीइतकं मऊ. हे मी आईला सांगितल्यावर तिने एका हाताने पीठ दाबलं आणि दुसऱ्या हाताने नातीची पाळी दाबली, मग परत पीठ, मग परत पाळी. लेक खिदळत होती. आईने अर्धा चमचा दूध अजून घातलं, परत पाळी दाबून बघितली आणि म्हणाली झालं. मला हे माप फार आवडलंय, कारण तोफूत पाणी प्रत्येक पॅकला थोडं कमीजास्त असतं आणि ग्रॅममधे सांगून उपयोग नसतो, पाळी मात्र सगळ्यांकडे आहे.

मग ओलं फडकं पिळून त्यावर झाकलं, वीस मिनिटं. हे कुठल्याही रेसिपीत नव्हतं, आईचं होतं. तिचं म्हणणं की उकडही झाकून ठेवल्याशिवाय गुळगुळीत होत नाही, याला पण वेळ द्या. वीस मिनिटांनी हातात घेतलं तर फरक कळत होता, आधी गोळा वळताना कडेला बारीक भेगा यायच्या त्या येईनाशा झाल्या. आणि तिने एक गोळा दोन हातात धरून हळूच ओढून बघितला, तो तुटला नाही, ताणला गेला, आणि ती म्हणाली, "आलाय बघ लोच."

लोच! पुरणपोळीच्या कणकेला येतो तो लोच. आणि मी दोन आठवडे शब्द शोधत होते. तो कणकेसाठी आहे, खाताना कोणी पोळीला लोच आहे असं म्हणत नाही, पण मोचीमोचीच्या जवळ जाणारा आणि तक्रार नसलेला शब्द आमच्या घरात होता, मी तो चुकीच्या खोलीत शोधत होते, ताटात, तो परातीत होता.

गोळे आठ आठ ग्रॅमचे, सुपारीएवढे. वजनकाट्यावर सगळे एकसारखे करा, हे आळस न करता करा, कारण एक मोठा आणि एक लहान झाला की लहान फुटतो आणि मोठा आत कच्चा राहतो. एवढ्या पिठात साधारण ४८ गोळे म्हणजे सहा कडी होतात. कुकिंग शीट म्हणजे बेकिंगचा कागद, त्याचे दहा सेंटिमीटरचे चौकोन कापून प्रत्येकावर आठ गोळे गोलात चिकटवून ठेवायचे, गोळ्यांना जरासा पाण्याचा हात लावला की एकमेकांना नीट धरतात. गोळा वळताना त्यावर रेघसुद्धा दिसता कामा नये, आई प्रत्येक गोळा उजेडात धरून बघत होती, मोदकाची पारी बघते तसा. मग तेलात सोडताना कागदासकट सोडायचं. मला आधी हे भयंकर वाटलं होतं, कागद तेलात, पण मिनिटभरात खालची बाजू शिजून कागद आपोआप सुटतो आणि चिमट्याने काढून घेता येतो. हाताने उचलून सोडायला गेलात तर कडं हमखास वेडंवाकडं होतं.

तेलाचं तापमान १६० ते १७० अंश सेल्सिअस, त्याच्या वर नाही. आमच्या गॅसला तळणाचं तापमान लावायचं बटण आहे पण त्यासाठी शेगडीच्या मधला सेन्सर भांड्याच्या बुडाला टेकावा लागतो आणि मी चिपळूणहून आणलेली लोखंडी कढई गोल बुडाची, ती त्याच्यावर नीट बसतच नाही, त्यामुळे या कामाला सपाट बुडाचा छोटा टोप घेतला. थर्मामीटर नसेल तर लाकडी काडी तेलात उभी धरायची, टोकाशी बारीक बुडबुडे संथपणे आले की बरोबर, भराभरा आले की गॅस कमी करा. एका वेळी दोनच कडी. दर अर्ध्या मिनिटाने उलटवत राहायचं, यामुळे एकाच बाजूचं आवरण घट्ट होत नाही. चार ते पाच मिनिटांत फिकट सोनेरी होतात, त्यावेळी काढा. गुलाबजामसारखा रंग येईपर्यंत थांबायचा मोह होतो, थांबू नका, जास्त वेळ राहिले की फुटण्याचा धोका वाढतो आणि सालही जाड होते. मी पूर्ण वेळ लांब बाह्यांचा शर्ट घालून आणि जाळीचं झाकण हातात घेऊन उभी होते. एकही हसला नाही.

झिलईला पिठीसाखर ८० ग्रॅम आणि एक मोठा चमचा गरम पाणी, डोनट कोमट असताना बुडवून जाळीवर ठेवले, पाच मिनिटांत काचेसारखा पातळ थर बसला. दोन कड्यांना मात्र आम्ही किनाको लावला. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, थोडी साखर मिसळून. डबा उघडल्याबरोबर आई म्हणाली हे तर डाळ्याचं पीठ, आणि वास खरंच तसा आहे, पंढरपुरी डाळं मिक्सरमधून काढल्यावर येतो तसा, थोडा बेसनाच्या लाडवाकडे जाणारा. त्यावर कुरोमित्सु घातली, काळ्या साखरेचा पाक, चव थेट काकवी. ही जोडी इथे जुनी आहे, वाराबीमोची नावाच्या जेलीसारख्या गोडावर घालतात. माझ्या मते साखरेच्या झिलईपेक्षा हेच जास्त चांगलं लागतं आणि आपल्या लोकांना तर नक्कीच आवडेल, कारण जीभेला यातलं काही नवीन नाही, फक्त एकत्र कधी आलं नव्हतं.

आईने पहिला मणी तोंडात घातला आणि लेक तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, अगदी नाकाला नाक लावून. आईला कवळी आहे त्यामुळे मी जरा काळजीत होते, इथे नववर्षाला मोची घशात अडकून म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायची वेळ येते, टोकियोचं अग्निशमन दल दर वर्षी बजावतं की लहान तुकडे करा, नीट चावा, एकट्याने खाऊ नका. म्हणून मी प्रत्येक मणी अर्धा करून दिला होता. पण तोफू आणि मैद्यामुळे हे निव्वळ मोचीइतकं चिकट नसतं, ताणून तुटतं, टाळूला बसत नाही. तरी घरात लहान पोरं किंवा वयस्कर कोणी असेल तर अर्धे करूनच द्या, बरोबर पाणी किंवा चहा ठेवा. आईने सावकाश चावलं, गिळलं, दुसरा अर्धा उचलला, आणि लेकीला म्हणाली, "मोचीमोची." लेक टाळ्या वाजवत घरभर फिरली. मग आईने मला सांगितलं, एक कडं बाजूला काढून ठेव, अंडं नाहीये ना यात, देवापुढे ठेवते.

खाताना एक गंमत आठवली ती सांगायलाच हवी. पोन दे रिंग या नावातला पोन हा ब्राझीलच्या पाओ दे केजो या चीजच्या छोट्या पावावरून आलाय, तो टॅपिओकाच्या पिठाचा करतात म्हणून तसाच लोचदार असतो, टॅपिओका म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच कंद. आणि पाओ हा पोर्तुगीज शब्द म्हणजे आपला पाव. जपानीत ब्रेडला पान म्हणतात तोही तिथूनच. पोर्तुगीज एकीकडे गोव्यात उतरले आणि दुसरीकडे जपानला गेले आणि दोन्हीकडे हा एक शब्द ठेवून आले. आमच्या टेबलावर आईचा पाव, लेकीचा पान आणि मधे हा पोन. मी हे सांगत असताना आई म्हणाली उपासाला चालेल का मग टॅपिओकाचा केला तर, आणि मैदा आहे त्यात हे ऐकल्यावर तिने तो विषय सोडला, पण पूर्ण सोडला नाहीये, मला माहितीये.

दुसऱ्या दिवसाचं सांगते. डबा बंद करून बाहेर ठेवलेले सकाळपर्यंत बरे होते, फ्रिजमधे ठेवलेले मात्र कडक झाले. स्टार्च फ्रिजच्या थंडीत सगळ्यात लवकर कडक होतं, त्यामुळे फ्रिजमधे ठेवूच नका. उरले तर गार झाल्यावर सरळ फ्रीझरमधे टाका, आणि खायच्या वेळी बाहेर काढून मायक्रोवेव्हमधे दहा वीस सेकंद. परत मऊ होतात, झिलई मात्र वितळते, म्हणून फ्रीझरसाठीचे कोरेच ठेवा.

तेलाचं पण. इथे वापरलेलं तेल सिंकमधे ओतायचं नसतं. आईने अर्थातच गाळून फोडणीला ठेवलं होतं, पण दुसऱ्या घाण्याचं काळं पडलेलं टाकायचं होतं तेव्हा मी तिला तेल गोठवायची पावडर दाखवली, गरम तेलात ढवळायची, गार झालं की जेलीसारखी वडी होते, ती कचऱ्यात. एरंडेलापासून करतात ती. वडी बघून आईला जितकं आश्चर्य वाटलं तितकं टोकियोतला स्कायट्रीचा उंच मनोरा बघून वाटलं नव्हतं, तिने तिचा फोटो काढून मावशीला पाठवला.

महाराष्ट्रात करणाऱ्यांसाठी, शिरातामाको मिळालं नाही तर चिकट तांदळाचं थाई पीठ मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं, पाकिटावर ग्लुटिनस राइस लिहिलेलं बघून घ्या. या ग्लुटिनसचा गव्हातल्या ग्लुटेनशी काही संबंध नाही, नुसतं चिकट एवढाच अर्थ. आसाममधे बोरा साऊळ म्हणून चिकट तांदूळ होतो, त्याचं पीठ मिळालं तर तेही चालावं कारण जात तशीच आहे. ते बारीक पीठ असल्यामुळे खड्यांचा त्रास नाही, पण पाणी लवकर धरतं, तर तोफू एकदम सगळा न घालता थोडा थोडा घाला आणि पाळी दाबून बघत राहा. आंबेमोहोराची किंवा इंद्रायणीची पिठी घेऊ नका. इंद्रायणीचा भात चिकट होतो हे खरं, पण तेवढं या कामाला पुरत नाही.

आई गेल्या महिन्यात परत गेली. बॅगेत शिरातामाकोच्या चार पिशव्या घेतल्या, माझ्याकडचं जोशिन्कोही एक पाकीट मागून घेतलं, इथलं दळण तिला आवडलं म्हणून. दोन्ही पिशव्या दिसायला सारख्या आणि वरचं सगळं जपानीत, तर लेकीने आदल्या रात्री बसून प्रत्येकीवर चिकटपट्टी लावली आणि मार्करने मराठीत लिहिलं. ती दर शनिवारी देवनागरी शिकते, र्‍हस्व दीर्घ अजून चुकतात. जोशिन्कोवर लिहिलं, मोदक. बाकी चारींवर लिहिलं, आजि हे मोचीमोची आहे, हे मोदकाला वापरु नको.